यादीतलं पहिलं नाव

बायजाबाईनं सही करायच्या आधी चष्मा मागितला, तेव्हाच जितेंद्रला कळायला हवं होतं.

ती गच्चीच्या स्लॅबवर मुगाच्या वड्या टाकत होती. जानेवारीचं ऊन नुकतं कुठं अंगाला लागायला लागलं होतं. जुन्या लुगड्याच्या फडक्यावर वड्यांच्या चार ओळी झाल्या होत्या आणि पाचवी सुरू होती. जितेंद्र जिना चढून आला तो रजिस्टर आणि पेन घेऊनच. नंदनवनातल्या त्यांच्या वसाहतीच्या, म्हणजे लेआउटच्या, नागरिक मंडळाचा तो नऊ वर्षं अध्यक्ष होता. येत्या रविवारी ते पद दुर्गेश मांडवकरकडे जाणार होतं. निवडणूक हरल्यापासून जितेंद्र स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखा हळू चालत असे.

"आई, इथं एक सही मार. मी खूण करून ठेवली आहे."

"हात भरले हायेत."

"पूस न मग. एका मिनिटाचं काम आहे."

बायजाबाईनं हात पुसले नाहीत. कठड्याशी उन्हात पुस्तक घेऊन बसलेल्या नातीला तिनं हाक मारली. "रितिका, माहा चष्मा आन वं खालून."

बायजाबाई चौथीच्या वर्गात दिवाळीपर्यंत बसली होती. तेवढ्या शिकण्यावर तिनं नवऱ्यामागं घर चालवलं, या प्लॉटवर दोन मजले चढवले, आणि शिकलेल्या माणसांना त्यांच्या तोंडावर बावळट म्हणायचा हक्कही मिळवला. वाचायची मात्र ती क्वचित. त्यामुळे घरातल्यांनी हळूहळू समजूत करून घेतली होती की तिला वाचता येत नाही. तिनंही ती समजूत मोडली नव्हती. लोक समोर कागद उघडे टाकून जात, ते तिला सोयीचं होतं.

चष्मा आला. तिनं रजिस्टर मांडीवर घेतलं आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवत वाचायला लागली. जिथं जिथं बोट थांबलं तिथं वाटलेल्या डाळीचा पिवळा ठिपका उमटत गेला. मागील कार्यकाळात मंडळाच्या मालमत्तेसंबंधी खालील व्यक्तींकडून जाणता-अजाणता काही चूक घडली असल्यास ती या ठरावाद्वारे माफ करण्यात येत आहे. पुढील कार्यकारिणीने त्याबाबत कोणतीही चौकशी करू नये. त्याखाली एक आकडा, आणि आकड्यापुढं तिचं नाव.

"माफ," ती म्हणाली. "कोन कोनाले माफ करून राहिलं?"

"मंडळ. तशी पद्धत असते आई."

"मीनं काय केलं?"

"तू काही नाही केलं."

"मंग माफ काय करून राहिला?"

रितिकाला हसू आलं. ती वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घरातल्या कुठल्याही भांडणाला कलम शोधायची तिला सवय लागली होती. "आजी, हे त्या अमेरिकेसारखं झालं. परवाच बातम्यांत होतं न. तिकडच्या अध्यक्षानं खुर्ची सोडायच्या दिवशी आपल्या घरच्यांना अन् आणखी काही लोकांना माफी देऊन टाकली. त्यांच्यावर केसही नव्हती झाली. पुढचा येईल अन् मागं लागेल, म्हणून आधीच."

"मंग त्यायनं घेतली?"

"काय?"

"माफी."

"घेतली की. काही जण म्हणाले, आम्ही गुन्हा केला नाही, पण घेतो."

"हे बेस हाये. जेवलो नाही, पन ढेकर देतो."

"हसू नको रितिका," जितेंद्र म्हणाला. "त्या माणसाचं काय चुकलं? पुढचा दात धरून बसला असेल तर घरच्यांना उघड्यावर टाकून जायचं का? हा दुर्गेश घरोघरी सांगून राहिला, पहिल्याच दिवशी जुन्या फायली काढतो. फाटकाच्या कुलपाची पोलिसात तक्रार देतो म्हणते. चूक असो का नसो, ठाण्याच्या चकरा तर होतातच. आईनं या वयात तिथं बाकावर जाऊन बसायचं?"

"बसीन," बायजाबाई म्हणाली. "चहा देतेत का नाही, ते पाहीन."

पण कुलूप म्हटल्यावर तिचं बोट रजिस्टरवर थांबलं होतं.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. लेआउटच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी फाटक आहे, त्याच्या पलीकडे वस्ती. दोन मोटरसायकली चोरीला गेल्यावर मंडळानं फाटकाला कुलूप घातलं आणि चावी सचिवाकडे दिली. सचिव तेव्हा दुर्गेश होता. त्या दुपारी गुंजन, जी लेआउटमधल्या तीन घरी भांडी घासायला यायची, फाटकाच्या पलीकडे दोन बायांच्या खांद्यांवर लटकून उभी होती. तिचे दिवस भरले होते. वस्तीचा रस्ता गटाराच्या कामासाठी खणून ठेवलेला, आणि ऑटो अलीकडे, लेआउटमध्ये. दुर्गेश सीताबर्डीच्या बाजारात गेलेला, फोन उचलत नव्हता. घराघरांत कूलर घरघरत होते आणि दारं बंद होती. चौकीदार धोंडबा फाटकाशी उभा राहून एकच म्हणत होता, चावी माह्यापाशी नाही जी. बायजाबाई घरात गेली आणि वरवंटा घेऊन आली. धोंडबानं कुलूप दांडीवर आडवं धरलं. चार घावांत ते तुटलं. त्यातला एक घाव धोंडबाच्या अंगठ्यावर बसला. त्यानं अंगठा तोंडात घातला आणि दुसऱ्या हातानं फाटक ओढलं. गुंजनला मुलगी झाली, ती दवाखान्यात पोचल्यावर झाली, रस्त्यात नाही.

संध्याकाळी बायजाबाईनं मुलाला सांगितलं होतं, कुलूप मीनं तोडलं, कोनी इचारलं तं सांगजो. जितेंद्र म्हणाला होता, मी मिटवतो. आठ दिवसांनी म्हणाला होता, मिटलं. पुढं महिन्याभरात फाटकाशी दुसरा चौकीदार दिसायला लागला. धोंडबा गावाकडे गेला, नरखेडकडच्या एका संत्र्याच्या बगीच्यात लागला, असं तिला कळलं. बारा वर्षं दारातून जाणारा-येणारा माणूस निघताना भेटूनही गेला नाही, म्हणून तेव्हापासून ती त्याला मनातल्या मनात शिव्या देत होती.

तिनं बोट खाली सरकवलं. दुसरा आकडा.

"धों-ड-बा," तिनं वाचलं. "धोंडबा कोहळे. माजी चौकीदार. कुलूप तोडल्याबद्दल..." ती थांबली. चष्मा काढून तिनं काचा पदराला पुसल्या आणि पुन्हा लावला. अक्षरं तीच राहिली. "धोंडबा इथी काहून?"

जितेंद्र वड्यांकडे पाहत होता. "तेव्हा दुर्गेश ऐकून नव्हता राहिला. कोणाचं तरी नाव लिहावं लागलं. धोंडबा स्वतःच म्हणाला, साहेब माझं लिहा. तसाही तो जाणारच होता."

"जानार होता, का काढलं?"

खालच्या रस्त्यावरून भाजीवाला मेथी मेथी करत गेला.

"अन् हे तिसरं काय हाये. त... तत्का..."

"तत्कालीन पदाधिकारी," रितिका म्हणाली.

"म्हंजे कोन?"

रितिकानं वडिलांकडे पाहिलं. "म्हणजे बाबा."

बायजाबाईनं त्या तीन ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं. वर ती, मध्ये धोंडबा, तळाशी नाव न घेता बसलेला तिचा मुलगा.

"माह्यं नाव सगळ्यायच्या वर काहून टाकलं?"

"तू मोठी आहेस," जितेंद्र म्हणाला. आणि मग, खरं बोलायची सवय कुठंतरी शिल्लक असावी, म्हणून पुढं म्हणाला, "तुझं नाव वर असलं की कोणी काही बोलत नाही."

"हं."

तिनं रजिस्टर मिटलं आणि त्याच्या हातात दिलं. "रविवारी करीन सही. सगळ्यायसमोर."

जितेंद्र जिना उतरून गेला. बायजाबाईनं पाचवी ओळ पुरी केली. त्या ओळीतल्या वड्या पहिल्या चार ओळींपेक्षा मोठ्या पडल्या, एकीला दुसरी चिकटलेली.

रविवारी सकाळी मारुतीच्या देवळासमोरच्या टिनाच्या शेडमध्ये खुर्च्या लागल्या. एरवी आमसभेला पंधरा माणसं यायची. आज बायकाही स्वेटर घालून, ओटीत शेंगा घेऊन आल्या होत्या, म्हणजे बातमी घरोघर पोचली होती. निवृत्त मुख्याध्यापिका शोभाताई सभा चालवत होत्या. त्यांनी ठराव वाचून दाखवला, पिवळ्या ठिपक्यांवर क्षणभर अडखळल्या, आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

"आरोप नाही, चौकशी नाही. मग ही माफी कशाची, एवढं मला कोणी समजावून सांगा."

मागून एक जण म्हणाला, शेजारी-शेजारी राहायचं आहे, जुनं उकरून कोणाचं भलं होणार आहे. दुसरा म्हणाला, नवे अध्यक्ष डूख धरून आहेत हे काय लपलेलं आहे, त्यांनी कोणाला छळू नये म्हणून जाणाऱ्यानं एवढी सोय केली तर बिघडलं काय. तिसऱ्याला ते पटलं नाही. मग हरेक अध्यक्ष जाताना आपली माणसं धुऊन वाळत घालून जाईल, तो म्हणाला, आणि आपण खाली बालट्या धरून उभे राहू.

दुर्गेश मांडवकर उठला. त्यानं आजच्यासाठी नवं जॅकेट घेतलेलं दिसत होतं.

"माझं एकच म्हणणं आहे मंडळी. ज्यानं काही केलंच नाही, त्याला माफी कशाला पाहिजे?"

टाळ्या पडल्या. जितेंद्र टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत होता आणि लावत होता.

"बरोबर बोलून राहिला दुर्गेश," बायजाबाई म्हणाली, आणि खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली. "अन् ज्यानं केलं, त्याले तं बिल्कुलच नाही पायजे."

ती टेबलाशी गेली. मागोमाग रितिका, हातात कापडी पिशवी. बायजाबाईनं पिशवीतून वरवंटा काढला आणि उघड्या रजिस्टरच्या पानावर आडवा ठेवला. वाऱ्यानं पान फडफडत होतं, ते गप झालं.

"मांगच्या फाटकाचं कुलूप मीनं तोडलं. याच्यानं. ज्याले पाह्याचं त्यानं जवळ येऊन पाहून घ्या, टोकाचा टवका उडाला हाये."

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

"आई, बस," जितेंद्र दबल्या आवाजात म्हणाला.

"मी बसाले नाही आली."

दुर्गेशला आधी खरं वाटलं नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत गेलं. "पाहा मंडळी. म्हणजे अध्यक्षांच्या घरातूनच. आणि नाव लागलं बिचाऱ्या चौकीदाराचं. आता तर चौकशी व्हायलाच पाहिजे."

"झालीच पायजे," बायजाबाई म्हणाली. "चाल लिहाले बस. कुलूप कोनं तोडलं, तं बायजाबाई खवसेनं. काहून तोडलं, तं पोट्टी अडली होती अन् फाटक बंद होतं. फाटक काहून बंद होतं, तं चावी नव्हती. मंग चावी कोनापाशी होती, तेही त्याच्याच खाली लिही. तो कुठी गेला होता ते लिही. त्याचा फोन किती खेपा वाजला ते लिही. तुह्याच हातानं लिही, तुह्यं अक्षर चांगलं हाये."

दुर्गेशचा हात जॅकेटच्या खिशावर गेला, जशी चावी अजून तिथंच असावी.

"बर्डीवर गेले होते, कूलर घ्याले," बायकांमधून कोणीतरी म्हणालं. कोणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले. शोभाताईंनी टेबलावर पट्टी आपटली, पण त्यांचंही तोंड आवळलेलं होतं.

हसणं ओसरेपर्यंत दुर्गेश उभाच राहिला. बोलला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता, त्यात एकदम मऊपणा आला होता. "काकू, आता तुमचं वय आहे. माणुसकीचंच काम केलं तुम्ही. नव्या कार्यकारिणीकडून मी सांगतो, हे प्रकरण आपण इथंच मिटवू. आमच्याकडूनही माफ समजा."

बायजाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग मुलाकडे. मिटवू हा शब्द तिनं आठ महिन्यांपूर्वी घरच्या ओट्यावर ऐकला होता, आणि ऐकून गुपचूप भाकरी थापायला बसली होती.

"एक अध्यक्ष जाऊन राहिला," ती म्हणाली, "एक येऊन राहिला. दोघायचं एकमेकाशी पटत नाही. पन माह्यावर दया दोघायलेही येऊन राहिली. मीनं मागितली होती का कोनापाशी?"

ती शोभाताईंकडे वळली.

"शोभाताई, माह्यं नाव काढा त्या यादीतून. धोंडबाचंही काढा. त्याले माफ करनारे तुम्ही-आम्ही कोन? रितिका, लिही वं."

रितिका वाकून लिहायला लागली. मागील फाटकाचे कुलूप बायजाबाई खवसे यांनी तोडले. धोंडबा कोहळे याने तोडले नाही.

बायजाबाईचं बोट तिच्या पेनामागोमाग चाललं होतं. "माह्यासमोर 'यांनी' लिहिलं न? मंग त्याच्यासमोरही तेच लिही."

रितिकानं खोडून पुन्हा लिहिलं आणि खाली आजी, नवे अध्यक्ष आणि बाबा यांच्या सह्यांसाठी तीन रेघा ओढल्या.

मग बायजाबाईनं पेन घेतलं. तिची सही म्हणजे पूर्ण नाव असे, वळणदार काही नाही, एकेक अक्षर स्वतंत्र. ती पुरी व्हायला वेळ लागला. तेवढा वेळ सगळी सभा थांबली. शेवटच्या अक्षरावर रेघ ओढून तिनं रजिस्टर आधी दुर्गेशसमोर सरकवलं.

"कार्यवृत्त मंजूर झालं की करतो," दुर्गेश म्हणाला. "पुढच्या सभेत. नियम आहे तसा."

तिनं ते मुलासमोर सरकवलं. जितेंद्रनं शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही खिसे चाचपले. पेन टेबलावर त्याच्या समोरच पडलं होतं, मघाशी त्यानंच ठेवलेलं. ते सगळ्यांना दिसत होतं.

बायजाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग वरवंटा उचलून पिशवीत घातला आणि घरी गेली. दुपारी तिनं त्याच वरवंट्यानं जवसाची चटणी वाटली. जितेंद्र जेवायला बसला तेव्हा ती त्याच्या ताटात वाढून गेली, आणि तो वर पाहील इतका वेळ तिथं थांबली नाही.

मंगळवारी ती आणि रितिका नरखेडच्या एसटीत बसल्या. रितिकाच्या पर्समध्ये त्या पानाची झेरॉक्स होती, बायजाबाईच्या मांडीवर वड्यांचा डबा. काटोल मागं पडलं तसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बगीचे सुरू झाले. बायजाबाई खिडकीबाहेर पाहत होती आणि तिचे ओठ मधूनमधून हलत होते.

"आजी, काय म्हणशील त्याला?"

"पाहू."

"तू कधी कोणाची माफी मागितली आहेस?"

"नाही."

"आजोबांची पण नाही?"

"तुह्या आजोबाले कधी सवड भेटली नाही. मागायची त्याचीच पाळी राहे."

फाट्यावर उतरून त्यांना अर्धा कोस चालावं लागलं. विचारत विचारत बगीचा सापडला. झाडं संत्र्यांनी लगडलेली, फांद्यांना खालून बांबूचे टेकू, विहिरीवर मोटर चालू. झाडाखालच्या खाटेवर धोंडबा बसला होता आणि गळलेली फळं चांगली-वाईट वेगळी करत होता. त्यांना पाहून तो झटक्यानं उभा राहिला. हात सवयीनं कपाळाकडे निघाला, अर्ध्यात थबकला आणि खाली आला.

"बाई, तुम्ही?"

"मीच. जिता हायेस मंग."

"हाव जी. मरायले सुट्टी नाही भेटली."

त्यानं खाटेवर एक स्वच्छ पोतं अंथरलं. "बसा जी." बायजाबाई बसली नाही. ती बसली नाही म्हणून रितिकाही बसली नाही, आणि तिघं तशीच उभी राहिली. रितिकानं कागद काढून वाचून दाखवला. धोंडबानं मान तिरकी करून ऐकला.

"अजून एक डाव वाच पोरी."

तिनं पुन्हा वाचला. या खेपेला आपल्या नावाशी त्यानं डोळे मिटले.

"सह्या कोनाकोनाच्या हायेत?"

"आजीची आहे."

"अन् या दोन रेघा?"

"त्या कोऱ्या आहेत काका."

"कोऱ्याच राहतीन," धोंडबा म्हणाला. त्यानं कागदाची घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि वरून हात फिरवला.

बायजाबाईनं डबा खाटेच्या कडेला ठेवला. "जितेंद्र म्हने, तूच सांगितलं माह्यं नाव लिहा म्हून."

"मी सांगितलं?" धोंडबानं दोघींकडे पाहिलं, मग नजर रितिकावरून काढून घेतली. "साहेबायनं घरी बोलावलं होतं. म्हनाले कामाचा कागद हाये, अंगठा दे. मीनं देल्ला. हाच." त्यानं डावा अंगठा वर केला. नख नवं आलं होतं, पण वाकडं, मधोमध उंचवटा असलेलं. "तवा सुजून काळा झाला होता. छाप चांगला मोठा उमटला. काय लिहिलं होतं ते मंग चार दिवसानं समजलं, उद्यापासून येऊ नको म्हनाले तवा."

रितिका विहिरीकडे पाहायला लागली. मोटरचं पाणी पाइपातून पाटात पडत होतं.

"मंग?"

"मंग काय जी. दुसऱ्या लेआउटात गेलो, तिथले म्हने, तो कुलूपवाला तूच का. तिसरीकडे गेलो, तिथीही तेच. चौकीदाराचं काम हाये, एक डाव तसं नाव लागलं का कोन उभं करते दारात. म्हून इकडे आलो. इथी चोरी करते तं माकडं करतेत. त्यायनं माह्यं नाव नाही इचारलं."

"जाताना भेटला काहून नाही?" बायजाबाईनं विचारलं. विचारायचं नव्हतं तसं विचारलं गेलं, दारात उशिरा आलेल्या माणसाला विचारतात तसं.

धोंडबानं तिच्याकडे पाहिलं. "तुमच्याच घरातून अंगठा देऊन निंगालो होतो बाई. तुम्ही अंदर पोळ्या करत होत्या. वास येऊन राहिला होता. मले वाटलं, तुमाले ठाऊक हाये."

ज्या बाईला उत्तर सुचलं नाही असं नंदनवनात कोणी पाहिलं नव्हतं, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. एसटीत दोन तास ओठांत घोळवलेलं एकही वाक्य आता जागेवर नव्हतं.

"धोंडबा," ती म्हणाली.

तिचा आवाज ऐकून तो गडबडला. त्यानं वाकून एक संत्रं उचललं, पाहिलं, टोपलीत टाकलं. "जाऊ द्या बाई," टोपलीकडेच पाहत तो भराभर म्हणाला. "झालं ते झालं. तुम्ही एवढ्या दूर आल्या, कागद आनला. माह्या मनात काही नाही. मीनं तं कवाच माफ..."

"थांब गा."

तो थांबला.

"सगळ्यायले घाई झाली हाये," बायजाबाई म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा नव्हता, पण शब्द नेहमीचेच होते. "मीनं अजून मागितली कुठी? आधी मले मागू दे. मंग देजो, नाहीतं नको देजो. तुह्यी मर्जी."

मोटर बंद पडली. वीज गेली असावी. पाटातलं पाणी थोडा वेळ वाहत राहिलं आणि मग तेही मुकं झालं.

धोंडबानं हातातलं फळ खाली ठेवलं. तिच्यासाठी अंथरलेल्या पोत्याकडे त्यानं पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हळूच त्या पोत्यावर स्वतः बसला. बारा वर्षं तो तिच्या दारावरून गेला होता, ऊन-पाण्यात फाटकाशी राहिला होता, पण तिच्यासमोर कधी बसला नव्हता. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, वाकड्या नखाचा अंगठा वर.

"बोला," तो म्हणाला.

बायजाबाईनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.